लिमा ते कुस्को बसने: ग्रुपने दक्षिण पेरू करायचं असेल तर असं करा

आधी एक गोष्ट पक्की करा, बाकीचा प्लॅन त्याच्याभोवती आपोआप बसतो. लिमाहून थेट विमानाने कुस्कोला जायचं नाही. विमान सव्वा-दीड तासात तुम्हाला समुद्रसपाटीवरून ३४०० मीटरवर नेऊन ठेवतं आणि मग सहा जणांच्या ग्रुपमधले तीन जण पहिले दोन दिवस डोकं धरून झोपून राहतात, उरलेले तीन त्यांच्यासाठी सूप शोधत फिरतात. तेच बसने दक्षिणेकडून वळसा घालून गेलात तर तीच उंची चढायला दहा-बारा दिवस मिळतात. पाराकास समुद्रावर, इका ४०० मीटर, नाझ्का पाचशेच्या आसपास, आरेकिपा २३००, चिवाय ३६००, पुनो ३८०० आणि शेवटी कुस्को, म्हणजे कुस्कोला पोचताना आपण उलट थोडे खाली उतरतो. अंदाज यावा म्हणून सांगते, कळसूबाई १६४६ मीटर आहे आणि कुस्को म्हणजे साधारण आपलं लेह.

आम्ही मे महिन्यात गेलो, सहा जण, चार पुण्याचे आणि दोघं न्यू जर्सीहून थेट लिमात येऊन भेटले. एकूण १७ दिवस. मे ते सप्टेंबर डोंगरात कोरडं असतं, तेव्हाच जा. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे पावसाळा, दरडी कोसळतात. २४ जूनला कुस्कोत इंती रायमीचा सण आणि २८-२९ जुलैला पेरूचा स्वातंत्र्यदिन, या दोन्ही वेळी बसची तिकिटं आपल्या गणपतीतल्या कोकणच्या तिकिटांसारखी होतात, त्यामुळे ते आठवडे टाळा किंवा खूप आधी बुक करा.

निघायच्या आधी, कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने शिल्लक असलेला व्हिसा किंवा तिकडचं पर्मनंट रेसिडन्स असेल तर पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, २०१७ पासून ही सोय आहे. नसेल तर दिल्लीच्या दूतावासातून काढावा लागतो, त्याला वेळ धरा. भारतातून लिमाला थेट विमान नाही, युरोप किंवा अमेरिकेतून जावं लागतं, तेव्हा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही.

आणि यलो फीव्हरची लस. हे लोक हमखास विसरतात कारण माचू पिच्चूला ती लागत नाही असं सगळीकडे लिहिलेलं असतं. खरंय, तिकडे कोणी विचारत नाही. पण भारताच्या यादीत पेरू हा यलो फीव्हरचा देश आहे आणि तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि कार्ड नसेल तर क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, अपॉइंटमेंट लागते, त्यामुळे किमान दीड महिना आधी हालचाल करा. साठीच्या पुढचं कोणी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आता नावाचा घोळ. स्पॅनिश फॉर्ममध्ये नावापुढे दोन आडनावांचे रकाने असतात, अपेयीदो पातेर्नो आणि अपेयीदो मातेर्नो, म्हणजे वडलांकडचं आडनाव आणि आईकडचं आडनाव. बसची तिकिटं माझ्या मावसबहिणीने काढली. तिने पातेर्नो वाचलं आणि आपल्या सवयीने तिथे सगळ्यांच्या वडलांची नावं टाकली, आणि मातेर्नोमध्ये आडनावं. लिमाच्या बस स्टँडवर काउंटरवरची बाई एकदा पासपोर्ट बघतेय, एकदा स्क्रीन बघतेय, आणि सहाच्या सहा जणांचं तेच. वीस मिनिटं गेली, शेवटी तिनेच हसत सगळं दुरुस्त करून दिलं. माचू पिच्चूच्या तिकिटावर असा घोळ परवडत नाही, तिथे गेटवर मूळ पासपोर्ट लावून बघतात. पासपोर्टवरचं आडनाव पातेर्नोमध्ये टाका. मातेर्नो रिकामं सोडू देत नसेल तर तेच आडनाव परत टाका, आमचं त्यावर भागलं.

माचू पिच्चूचं तिकीट सगळ्यात आधी काढा, मग तारीख धरून उलटं मोजत बाकीचा प्लॅन करा. २०२४ पासून तिथे तीन सर्किट आणि त्यांचे मिळून दहा रूट आहेत, एका तिकिटावर एकच रूट. पोस्टरवरचा फोटो आणि आतली वस्ती दोन्ही हवं असेल तर सर्किट २ घ्या, तेच पहिल्यांदा संपतं. आमच्या वेळी परदेशी माणसाला १५२ सोल (सोल म्हणजे पेरूचं चलन) होते. सरकारी साइटवरूनच काढा, सहा जणांची एकाच वेळी, एकाच स्लॉटची.

पैसे आणि ग्रुप

आमच्या वेळी एक सोल म्हणजे साधारण २२ ते २५ रुपये होता. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या नोटा न्या, कोपऱ्यात केसभर फाटलेली नोटसुद्धा कोणी घेत नाही. १०० सोलची नोट छोट्या दुकानात दाखवली की समोरचा आधी हताश होऊन आपल्याकडे बघतो आणि मग सुट्टे आणायला शेजारी जातो, म्हणून मोठ्या दुकानात नोटा मोडत राहा. स्टँडवरच्या बाथरूमला एक सोल लागतो, तिथे सुट्टे लागतातच.

आम्ही कॉमन किटी केली, प्रत्येकी ठराविक सोल एका पाउचमध्ये, त्यातून टॅक्सी, पाणी, बाथरूम, फळं. जेवण आणि रूम स्प्लिटवाइज या हिशोबाच्या ॲपवर. पाउच रोज एकाच माणसाकडे द्यायचं नाही, तो माणूस तिसऱ्या दिवसापासून चिडचिडा होतो, आमच्याकडे झाला. कामं आधी वाटून घ्या, एक जण तिकिटं बघेल, एक जण राहायचं, एक जण खायचं, आणि ज्याचं काम त्याचा शब्द शेवटचा, बाकीच्यांनी सूचना द्यायच्या नाहीत. मराठी ग्रुपमध्ये हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात अवघड.

हॉटेलमध्ये चेक इन करताना पासपोर्ट दाखवा. परदेशी पर्यटकाला रूमवरचा १८ टक्के टॅक्स माफ असतो, काही ठिकाणी विचारल्याशिवाय काढत नाहीत.

बस कशी निवडायची

पेरूत एसटी महामंडळासारखं काही नाही, सगळ्या खाजगी कंपन्या. लिमात तर एक मध्यवर्ती स्टँडही नाही, बऱ्याच कंपन्यांचं आपापलं टर्मिनल असतं, त्यामुळे तिकिटावरचा पत्ता वाचून टॅक्सी करा, नुसतं टर्मिनल म्हणून सांगू नका. आरेकिपा, पुनो, कुस्कोला सार्वजनिक टर्मिनल आहेत आणि तिथे बसमध्ये चढायच्या आधी वेगळ्या काउंटरवर दोन-चार सोलची टर्मिनल फी भरून चिठ्ठी घ्यावी लागते. ती नसली की गेटवरून परत पाठवतात आणि बस सुटायला पाच मिनिटं असताना हे कळतं.

सीटचे दोन मुख्य प्रकार. सेमी कामा म्हणजे आपली पुशबॅक, थोडी जास्त मागे जाणारी. कामा म्हणजे रुंद आणि बरीच आडवी होणारी. डबलडेकर बसमध्ये कामा बहुतेक खाली असते, आणि इथे लक्ष द्या, प्रिमेर पीसो म्हणजे पहिला मजला नव्हे तर तळमजला. आम्ही पहिला मजला समजून वर जाऊन दुसऱ्याच्या जागेवर बसलो होतो. दिवसाच्या प्रवासाला वरची सेमी कामा मस्त, खिडकीतून सगळं दिसतं. रात्रीच्या प्रवासाला खालची कामा घ्या, वळणांवर हलतं कमी आणि झोप लागते. पैसे वाचवायचेच असतील तर हॉटेलमध्ये वाचवा, रात्रीच्या बसमध्ये नको.

बसमधल्या टॉयलेटवर पाटी असते, फक्त लघवीसाठी. ती पाटी मनापासून लिहिलेली असते. पोटाचा कार्यक्रम स्टँडवर उरकून चढा.

मोठी बॅग खाली डिकीत जाते, तिची पावती मिळते, ती जपून ठेवा, उतरताना पावती बघूनच बॅग देतात. पासपोर्ट, पैसे, औषधं असलेली छोटी बॅग वरच्या रॅकवर कधीही ठेवायची नाही, पायाखालीही नाही, मांडीवर किंवा पट्टा हाताला गुंडाळून. चांगल्या कंपन्या निघायच्या आधी कॅमेरा घेऊन प्रत्येक प्रवाशाच्या तोंडासमोर धरतात, शूटिंग करतात. पहिल्यांदा आम्ही हसून हात हलवले. ते सुरक्षेसाठी असतं.

शहराजवळच्या छोट्या अंतरांना कलेक्तीवो, म्हणजे आपलं वडाप. भरलं की निघणार. आरेकिपा आणि पुनोच्या स्टँडवर पोरं "कुस्को कुस्को कुस्कोऽऽ" ओरडत मागे लागतात, डोळे मिटले तर स्वारगेटला उभं असल्यासारखं वाटतं. बस किती वाजता सुटते हे विचारायचं तर "आ के ओरा साले?" साले म्हणजे सुटते. आमच्यातल्या एका दादाने हे इतक्या मनापासून आणि इतक्या वेळा विचारलं की शेवटी आम्हीच त्याला थांबवलं.

आता रूट

लिमात दोन दिवस पुरे, जेट लॅग काढा, मिराफ्लोरेसच्या समुद्रकाठाने फिरा, सिमकार्ड घ्या, त्याला पासपोर्ट लागतो. आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहेत, त्यामुळे पहाटे तीनला सगळे टक्क जागे असतात.

लिमा ते पाराकास साधारण २६० किलोमीटर, चार तास. सकाळची बोट घेऊन बायेस्तास बेटं बघा, दोन तास लागतात, सी लायन आणि हम्बोल्ट पेंग्विन अगदी जवळून दिसतात. वास भयानक येतो, तो ग्वानोचा, म्हणजे पक्ष्यांच्या विष्ठेचा. एकोणिसाव्या शतकात हे खत जहाजं भरभरून युरोपला जायचं आणि पेरू त्यावर श्रीमंत झाला होता. दुपारनंतर समुद्र खवळतो, सकाळचीच बोट घ्या.

तिथून सव्वा-दीड तासात इका, आणि इकापासून पाच किलोमीटरवर वाकाचिना, वाळूच्या टेकड्यांमधलं तळं. संध्याकाळी चारच्या सुमाराची बग्गी घ्या म्हणजे सूर्यास्त मिळतो. फोन झिपलॉक पिशवीत घाला. वाळू कानात, दातात आणि आठवडाभर बॅगेच्या तळाशी राहते. एक रात्र पुरे.

नाझ्का दोन-अडीच तास पुढे. इथल्या वाळवंटात जमिनीवर कोरलेल्या प्रचंड रेषा आणि आकृत्या बघायला छोट्या विमानातून अर्ध्या तासाची चक्कर असते, माणशी १०० डॉलरच्या आसपास, आणि विमान दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं म्हणून सारखं डावीकडे-उजवीकडे कलतं. पोट नाजूक असेल तर नाश्ता करू नका. आमच्यातले तिघं विमानात गेले, तिघं टॅक्सीने हायवेवरच्या मनोऱ्यावर गेलो, तिथून हात आणि झाड अशा दोन आकृत्या काही सोलमध्ये दिसतात. पॅनअमेरिकन हायवे बांधताना रस्ता थेट सरड्याच्या आकृतीतून नेलाय, तेही तिथूनच कळतं. या रेषांवर आयुष्य घालवणाऱ्या मारिया राइखे या जर्मन बाईंचं नाव त्या मनोऱ्याच्या गोष्टीत येतंच.

नाझ्का ते आरेकिपा हा एकच प्रवास रात्री करा. नऊ-दहा तास, रात्री दहा-अकराला बसलात की सकाळी पोचता आणि एका रात्रीचं हॉटेल वाचतं. एसी इतका थंड असतो की स्वेटर, मोजे, कानटोपी हातातल्या बॅगेतच पाहिजे. बाकी सगळे टप्पे दिवसा करा, डोंगरातले रस्ते रात्री करायचे नाहीत आणि खिडकीबाहेरचं बघायलाच तर आलोय.

आरेकिपापासून उंची सुरू

आरेकिपात दोन रात्री सक्तीच्या, शरीर इथे सवय करून घेतं. गाव पांढऱ्या सियार दगडाचं, मागे ५८२२ मीटरचा मिस्ती ज्वालामुखी. १५७९ साली स्थापन झालेला सांता कातालिना मठ म्हणजे भिंतींच्या आत वसलेलं लाल-निळ्या गल्ल्यांचं एक वेगळं गावच, अर्धा दिवस द्या.

इथून कोल्का दरी. टूरवाले पहाटे तीनला उचलतात आणि एका दिवसात परत आणतात, ते करू नका, उंचीचा झटका बसतो आणि दिवसभर पेंगत राहता. लोकल बसने जा, दोन रात्री ठेवा. रस्ता पातापाम्पाच्या खिंडीतून जातो, ४९१० मीटर. आमच्याकडे पुण्याहून आणलेलं चिवड्याचं पाकीट होतं, ते हळूहळू फुगत गेलं, टम्म पुरीसारखं, आणि खिंडीच्या जरा आधी कुणीतरी धरलं तर फट् करून फुटलं. अख्ख्या बसमध्ये चिवडा. शेजारच्या आजींनी मांडीवरचा एक शेंगदाणा उचलून खाल्ला, मान हलवली आणि आपल्या गाठोड्यातून भाजलेल्या मक्याचे दाणे काढून आमच्या हातावर ठेवले. तो कांचा, आपल्या फुटाण्यांचा भाऊ.

खिंडीत उतरायचं असेल तर पाच मिनिटं, पळायचं नाही, फोटोसाठी उड्या मारायच्या नाहीत. आमचे चौघं काबानाकोंदेहून दरीत सांगाये गावापर्यंत उतरले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साधारण अकराशे मीटर चढून वर आले, दोघं चिवायला गरम पाण्याच्या कुंडात बसून राहिलो. कोणी कोणाला टोमणे मारले नाहीत. ग्रुप म्हणजे चोवीस तास एकत्र असायलाच पाहिजे असं नाही, संध्याकाळी कुठे भेटायचं ते ठरलं म्हणजे झालं. कोंदोर पक्षी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान दिसतात, ऊन तापून हवा वर चढायला लागली की ते पंख न हलवता वर येतात.

उंचीच्या त्रासाला तिकडे सोरोचे म्हणतात. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं इथपर्यंत नॉर्मल. पाणी भरपूर, जेवण हलकं, पहिले दोन दिवस दारू नाही. डायमॉक्स भारतातूनच डॉक्टरांना विचारून न्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे देतात, मुन्या नावाच्या पाल्याचा चहा पुदिन्यासारखा लागतो आणि पोटाला बरा. पण चालताना तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर चहा-बिहा बाजूला ठेवून खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा, प्लॅन गेला खड्ड्यात. आम्ही रोज रात्री जेवताना प्रत्येकाला विचारायचो, डोकं कसंय, आणि "ठीक आहे" हे उत्तर चालणार नाही असा नियम होता, दहापैकी किती दुखतंय ते सांगायचं.

आरेकिपा ते पुनो सहा तास. पुनो गाव बघायला काही खास नाही, थंडी मात्र हाडात जाते, जून-जुलैत रात्री शून्याखाली. गावाला लागून असलेलं तितिकाका सरोवर ३८१२ मीटरवर आहे. उरोसची लव्हाळ्याची तरंगती बेटं आता बरीचशी दुकानदारी झालीय, अर्धा तास बघा आणि पुढे आमांतानी बेटावर एक रात्र कुणाच्या तरी घरी राहा. जाताना तांदूळ, साखर, तेल असं काहीतरी त्या घरासाठी न्या. किन्वाचं सूप, तीन प्रकारचे उकडलेले बटाटे, तळलेलं चीज, सगळं शाकाहारी, आणि अंगावर इतकी जड घोंगडी की कूस बदलता येत नाही. दुसऱ्या दिवशी ताकीले, तिथे टोप्या पुरुष विणतात, चालता चालता सुद्धा.

शाकाहारी लोकांसाठी

"सोय वेखेतारियानो" एवढ्यावर भागत नाही, पुष्कळदा चिकन येतं कारण चिकन हे त्यांच्या डोक्यात मांस नाहीच. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" (मांस नको, चिकन नको, मासे नकोत) असं एकेक म्हणा, आणि सूप कशात शिजवलंय तेही विचारा. हमखास सापडणारं म्हणजे चोक्लो कोन केसो, मोठ्या दाण्यांचं कणीस आणि चीज. ताकू ताकू, भात-घेवड्याचं थालीपीठ म्हणा. ॲव्होकाडो. आणि प्रत्येक गावातलं चिफा, म्हणजे पेरूचं चायनीज, तिथे व्हेज फ्राइड राइस मिळतो. दुपारी मेनू देल दिया मागा, सूप, मेन डिश आणि सरबत मिळून १०-१५ सोलमध्ये होतं. तिखट हवं असेल तर रोकोतोची चटणी मागा, आमच्या मूळच्या कोल्हापूरच्या मेंबरने एक चमचा घेतला आणि पहिल्यांदाच गप्प बसला.

कुस्को आणि माचू पिच्चू

पुनो ते कुस्को दिवसा, साडेसहा-सात तास, ला राया खिंड ४३३५ मीटर. मात्र याच पट्ट्यात रस्ता रोको होतात, पारो म्हणतात, दगड आणि टायर टाकून हायवे बंद. २०२३ च्या सुरुवातीला तर आंदोलनामुळे माचू पिच्चूच काही आठवडे बंद होतं. म्हणून माचू पिच्चूच्या तारखेआधी कुस्कोत किमान दोन मोकळे दिवस ठेवा. लागले नाहीत तर साकसायवामानच्या इंका किल्ल्याचे दगड आणि सान पेद्रो मार्केट आहेच. बरेच अवशेष १३० सोलच्या एका बोलेतो तुरिस्तिकोवर, म्हणजे एकत्रित पर्यटन तिकिटावर होतात, दहा दिवस चालतो.

पुढे कुस्कोच्या पावितोस गल्लीतून ओयांतायताम्बोचं वडाप, दोन तासांच्या आत. तिथून ट्रेनने माचू पिच्चूच्या पायथ्याचं गाव आग्वास कालिएंतेस, ट्रेन महाग आहे, एका बाजूचे ६० डॉलर सहज जातात. स्वस्त मार्ग म्हणजे कुस्कोहून व्हॅनने सहा-सात तास इद्रोएलेक्त्रिका आणि मग रुळांच्या कडेने दहा किलोमीटर चालत. आम्ही जाताना ट्रेन आणि येताना चालत आलो. उलटं केलं असतं तर बरं झालं असतं, कारण परतीच्या व्हॅनमध्ये वळणांनी दोघांना उलट्या झाल्या आणि ड्रायव्हरने घाटात कुठेच थांबायला नकार दिला. प्लास्टिकच्या पिशव्या सोबत ठेवा. चालताना टॉर्च ठेवा, अंधार पडायच्या आत पोचा.

कुस्कोहून लिमाला मात्र विमानाने या. बसने वीस तासांच्या वर लागतात आणि आता शरीराला कसली सवय करायची उरलेली नसते. लिमात एक रात्र ठेवा, त्याच दिवशीची आंतरराष्ट्रीय फ्लाइट धरू नका, कुस्कोची विमानं हवामानामुळे लटकतात.

शेवटच्या रात्री सगळ्यांच्या बॅगा उलट्या करून बघा. कोकाची पानं, कोकाचा चहा, कोकाची चॉकलेटं, जे काही आठवण म्हणून घेतलं असेल ते तिथेच सोडा, पेरूत कायदेशीर असलं तरी अमेरिकेत आणि भारतात नाही. आमच्या न्यू जर्सीच्या मेंबरच्या जॅकेटच्या आतल्या खिशात कोल्कापासून पानं पडून होती, त्याला पत्ताच नव्हता. आणि यलो फीव्हरचं पिवळं कार्ड चेक इन बॅगेत जाऊ देऊ नका, पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवा. मुंबईला इमिग्रेशनच्या आधीच्या टेबलवर ते मागितलं, आणि आमच्या मागे उभा असलेला एक मुलगा बॅग बेल्टवर आहे म्हणून सांगत होता.